पाहुणीच्या चादरी

गोथेनबर्ग, १४ एप्रिल १९९६

प्रिय सिग्ने,

तुझं पत्र मिळालं. नेहमीसारखंच, पाऊण पान. बर्फ अजून खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत आहे, सरपण पुरेल, गावातलं दुकान एक तारखेपासून बंद झालं. हे शेवटचं तू असं लिहिलंयस, जणू शेजारणीचं मांजर हरवलंय. अगं, दुकान बंद झालं म्हणजे आता एका दुधाच्या खोक्यासाठी तुला बावीस किलोमीटर जावं लागणार, आणि बस आठवड्यातून दोनदा!

आता आडपडदा न ठेवता लिहिते. माझ्या रूनेला जाऊन सहा वर्षं झाली. त्याची मागची छोटी खोली रिकामी आहे, सकाळी तिथे ऊन येतं. तू ये आणि माझ्याकडेच राहा. कायमची. शाळेत सात वर्षं एका बाकावर बसलो, त्यानंतर पन्नास वर्षं पत्रं लिहिली. आता म्हातारपणी एका टेबलाशी बसायला काय हरकत आहे?

पण एक अट. लगेच उत्तर देऊ नकोस. तुला मी ओळखते, पत्रात 'नाही' लिहून मोकळी होशील आणि वर हवामान लिहिशील. आधी ये. मी या शहरात आधी कंडक्टर होते, मग ट्रॅम चालवली, इथला रूळ न् रूळ मला ठाऊक आहे, आणि तू एकदाही फिरकली नाहीस. आधी तुझ्या गाई होत्या, मग तुझा अल्गोत अंथरुणाला खिळला. आता बिचारा तोही नाही, गाईही नाहीत, मग काय सबब सांगशील? जूनमध्ये ये. पहिल्या दिवशी मी तुला सगळं शहर दाखवते. राहण्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही, तूही काढू नकोस. निघायच्या दिवशी सकाळी कॉफी पिताना काय ते बोलू.

फोन करू नकोस. तुला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि खालच्या मजल्यावरच्यांना आपलं सगळं कळतं.

तुझी,
हिल्डुर

*

ग्रानसेले, ३ मे

प्रिय हिल्डुर,

पत्र पोचलं. तीन वेळा वाचलं, म्हणून उत्तराला उशीर.

तू उघड लिहिलंस, तर मीही लिहिते. स्टोरुमानला म्हाताऱ्यांसाठी नवी इमारत झाली आहे. तिथे नगरपालिकेने मला एक खोली देऊ केलीय. एक ऑगस्टपर्यंत सही करायची, नाहीतर पुन्हा रांगेच्या शेवटी. खोली बघून आले. भिंती पिवळ्या आहेत. खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसते. तिथली बाई भली आहे, पण माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलते, जणू मी कुठून परदेशातून आलेय.

हा हिवाळा इथला शेवटचा, एवढं माझं मला कळलंय. मार्चमध्ये छपरावरचा बर्फ काढताना शिडी सरकली. काही झालं नाही. कोणाला सांगू नकोस. पण त्यानंतर मी बराच वेळ बर्फात बसून होते, आणि हाक मारायला कोणी नव्हतं.

तुझी अट मान्य. १३ जूनला सकाळच्या गाडीने येते. दोन रात्री राहीन. चादरी, अभ्रा, टॉवेल माझे मी आणीन, त्याची तजवीज करू नकोस. कॉफीत घालायचं चीज आणू का? की शहरात गेल्यापासून ते सोडलंस?

बर्फ आता पायरीपर्यंत उतरला.

सिग्ने

*

गोथेनबर्ग, २ जून

प्रिय सिग्ने,

चीज आण. सोडलेलं नाही, मिळत नाही.

गाडी नऊ बाराला येते. मी फलाटावर असेन, निळा कोट. सामान घरी टाकायचं, लगेच ट्रॅम, मासळीबाजार, मग कालव्यातली होडी, मग टेकडीवरचं चर्च, मग मोठी बाग, पाचला घरी कॉफी. सगळं मिनिटांवर बसवलंय, त्यामुळे वाटेत कुठे उगाच रेंगाळायचं नाही.

चादरी आणायच्या म्हणतेस, तर आण बाई. बुटांचे तळवे मऊ असू देत, इथे सगळीकडे दगडी फरशी आहे.

हिल्डुर

*

ग्रानसेले, २४ जून

प्रिय हिल्डुर,

गेल्या भेटीबद्दल मनापासून आभार. हे पत्र आठवड्याच्या आत लिहायला हवं होतं. दोन दिवस उशीर झाला, मधे उन्हाळी सणाचा खांब पानाफुलांनी सजवायला मला धरून नेलं होतं. पानं कमी आणि डासच जास्त होते.

पहिल्या दिवशी किती पाहिलं ते मी इथे सगळ्यांना सांगते. चर्चसारखी दिसणारी मासळीबाजाराची इमारत सांगते. होडीतून जाताना पूल इतका खाली आला की सगळ्यांना तळाशी बसावं लागलं, हेही सांगते. टेकडीवरून जहाजं दिसली. बागेत एल्क पाहिला, आपल्या रानात फिरतात तसाच मोठ्या शिंगांचा. इथे लोक विचारतात, कुंपणाच्या कुठल्या बाजूला?

घरी सात प्रकारची बिस्किटं होती. सातही खाल्ली, कारण एक जरी सोडलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. सोनेरी काठाचे कप फार नाजूक आहेत, मी जपून धरत होते. दुसऱ्या दिवशी दिवसभर पाऊस पडला, त्याला तुझा इलाज नव्हता. एकंदर सगळं फार वाईट नव्हतं.

पाहुणीची इतकी सरबराई कोणी करत नाही. तुझ्यावर फार भार पडला असणार. मी निघाल्यावर तू जरा पाय पसरून बसली असशील, अशी आशा करते.

सामान भरताना माझं काही मागे राहिलं असेल, तर राहू दे. परत पाठवायची गरज नाही.

सिग्ने

*

गोथेनबर्ग, २८ जून

प्रिय सिग्ने,

आभाराबद्दल आभार. 'फार वाईट नव्हतं' हे वाचून बरं वाटलं. वाईट असतं तरी तू आलीस, हेच खूप.

तुझा एक अभ्रा खरंच मागे राहिला होता. पांढरा, कोपऱ्यात एस. ए. भरतकामात. चांगलं कापड आहे, असं कसं ठेवून घेणार? धुऊन, इस्त्री करून सोबत पाठवते आहे.

स्टोरुमानच्या इमारतीत उतारवयाच्या माणसांची सगळी सोय असेल. लिफ्टही असेल. हाकेला कोणी असणं महत्त्वाचं, ते तू लिहिलं होतंस ते माझ्या ध्यानात आहे. पिवळा रंगही काही वाईट नाही, हिवाळ्यात उजेड वाटतो.

इथे अजून पाऊसच आहे.

हिल्डुर

*

ग्रानसेले, ७ जुलै

प्रिय हिल्डुर,

अभ्रा मिळाला. इस्त्री छान केलीस. भरतकामावर ओला फडका ठेवून उलट्या बाजूने केलेली दिसते.

स्टोरुमानच्या बाईला फोन करून हो कळवलं. एक तारखेला सही.

पत्र इथेच संपवलं होतं. पाकीटही चिकटवलं होतं. मग कॉफी केली, बशीत ओतली, दातात खडीसाखर धरली आणि पहिल्याच घोटाला वाटलं, एकोणसत्तरावं चालू आहे, आता मनातलं मनात ठेवून ते कोणासाठी ठेवायचं? पाकीट फाडलं. तुला आजवर माझं पाऊण पानाच्या वर पत्र आलं नसेल, आज येतंय, बसून वाच.

तो अभ्रा मी विसरले नव्हते. विसरलेली वस्तू पलंगाखाली सापडते, हिल्डुर. घडी घालून कपाटात, तिसऱ्या फळीवर, तुझ्या अभ्र्यांच्या गठ्ठ्यात मधोमध सापडत नाही. तोंडाने बोलवेना म्हणून मी तो तिथे ठेवला होता. माझा अभ्रा तुझ्या घरी राहिला तर मीही राहीन, एवढाच त्याचा अर्थ. वर पत्रात लिहिलं की परत पाठवू नकोस. आणि तू तो शोधून काढलास, धुतलास, कडक इस्त्री केलीस आणि पोस्टाने माझ्या तोंडावर मारलास. पार्सल उघडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. खुर्चीवर बसले. लाज वाटली, राग आला, आणि रडले, तेही लिहून टाकते.

आता तो पहिला दिवस मला कसा दिसला ते सांगते, कारण आभाराच्या पत्रात मी खोटंच लिहिलं होतं.

फलाटावर तुला पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. निळा कोट, केसांना कसलीशी क्लिप. ट्रॅममध्ये चढलो तर ड्रायव्हर मान वळवून म्हणाला, "काय हिल्डुर, आज कोणाला घेऊन निघालीस?" तू म्हणालीस, "पाहुणी आहे माझी, उत्तरेकडची." ठीक आहे, मी मनात म्हटलं, पहिलाच दिवस आहे. मासळीबाजारात त्या लाल हातांच्या बाईला सांगितलंस, "चांगली कोळंबी काढ, माझी पाहुणी खाणार आहे." पुन्हा पाहुणी. तू हा शब्द इतक्या मोठ्याने म्हणत होतीस की मला, मलासुद्धा, नीट ऐकू येत होता.

मग होडी. होडी चालवणाऱ्या पोरीने ओरडून सांगितलं की पूल फार खाली आहे, सगळे तळाशी बसा. तू म्हणालीस, "बस गं पटकन, नाहीतर या पुलाखाली डोकं चीजसारखं कापलं जातं." आपण दोघी त्या ओल्या फळ्यांवर फतकल मारून बसलो, तू माझं डोकं दाबून धरलंस, आणि हसू आवरेना. शाळेत बाकाखाली लपलो होतो, तेव्हा जशा हसलो होतो तशा. तेव्हा मला वाटलं, झालं, मी इथे राहणार. अट नसती तर तिथेच, त्या अंधारात, बोलून टाकलं असतं. होडी उजेडात आली. शेजारच्या माणसाने तुला विचारलं, तुम्ही दोघी इथल्याच का? तू म्हणालीस, "मी इथली. ही पाहुणी." तेवढ्याने माझं हसू गेलं.

मग तू मला एल्क दाखवलास. हजारावर किलोमीटर प्रवास करून! माझ्या बटाट्यांच्या वाफ्यात दर शरदात दोन-तीन येतात, मी त्यांना झाडू घेऊन हाकलते. तो कुंपणापलीकडून माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. आपण इथे काय करतोय, ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

दिवसभरात तुला मी दोनदा विचारलं, "दूध कुठून आणतेस?" मला तुझी जहाजं नको होती, हिल्डुर. मला दुकान बघायचं होतं, धुलाईखोली कुठे आहे ते बघायचं होतं, बसायला बाक आहे का, समोर कोण राहतं. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "दुधाची तुला कशाला चिंता? मी आणून ठेवलंय." पाहुणीला असंच सांगतात.

आणि कप. तुझ्या कपाटात तुझ्या आईचे निळे कप आहेत. त्यातल्या एकाचा कान तुटलाय, तो आपणच तोडला होता, मी ओळखते. तीन दिवस मी निळ्या कपाची वाट बघितली. प्रत्येक वेळी सोनेरी काठ समोर आला. शेवटच्या सकाळीही सोनेरी. त्या सकाळी तू बोलायचं कबूल केलं होतंस. तू सात नंबरची ट्रॅम आता कुठल्या रस्त्याने वळवलीय ते सांगत बसलीस. मी ऐकलं. सात नंबरच्या ट्रॅमबद्दल मला आता सगळं ठाऊक आहे.

तुझं मन बदललं, यात गैर काही नाही. बरोबर राहणं ही लहान गोष्ट नव्हे. पण माझं तोंड बघून तसं सांगायचं होतंस.

सिग्ने

*

गोथेनबर्ग, ११ जुलै

अगं बये सिग्ने!

तुझं पत्र आत्ता दारातून आत पडलं. कोटसुद्धा काढलेला नाही, लिहायला बसलेय. तू माझ्यासमोर असतीस तर दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं असतं, आणि मग स्वतःलाही.

पहिल्यापासून सांगते.

पाहुणी. अगं, डेपोतल्या जुन्या लोकांना मी दोन महिने सांगत सुटले होते की माझी मैत्रीण राहायला येतेय. ऊल्फने, तोच तुझा मान वळवणारा ड्रायव्हर, मागच्या खोलीची खिडकी रंगवून दिली. मासळीवालीला सांगितलं होतं की आता दोघींपुरती मासळी लागेल. मग तू यायच्या आठवड्यात मला धडकी भरली. यातल्या एकाने जरी तोंड उघडलं असतं तर तुला वाटलं असतं की मी तुला न विचारता सगळं ठरवून टाकलंय, तुला कोंडीत पकडलंय. म्हणून जिथे जाऊ तिथे मीच आधी मोठ्याने म्हणायचे, 'पाहुणी'. तो त्यांना इशारा होता, गप्प बसा म्हणून. ऊल्फ तुझ्यामागे डोळा मिचकावत होता, मूर्ख कुठला. होडीत तोच शब्द तोंडात बसलेला होता, तो बाहेर पडला.

तो दिवस मी मिनिटांवर कसा बसवला ठाऊक आहे? आदल्या रविवारी एकटी सगळीकडे फिरून आले, हातात घड्याळ घेऊन. होडीतही एकटी बसले. एकट्याने तळाशी बसायला काही मजा नाही. पन्नास वर्षांत मला हे शहर इतकं सुंदर करून दाखवावंसं कधीच वाटलं नव्हतं. आणि प्रत्येक ठिकाणी मी तुझं तोंड बघत होते. जहाजं दिसली, विचारलं, "कसं आहे?" तू म्हणालीस, "फार वाईट नाही." चर्च, "फार वाईट नाही." कोळंबी, "फार वाईट नाही." संध्याकाळपर्यंत माझा धीरच सुटला. आपल्याकडे याहून मोठी स्तुती कोणी करत नाही, हे मी विसरले! माझ्या वडिलांनी माझ्या आईबद्दल अख्ख्या जन्मात एवढंच म्हटलं होतं. शहरात राहून राहून माझे कान बिघडले.

एल्क. हसायचं तेवढं हस. मला वाटलं, इथे राहायला लागलीस आणि कधी घरची आठवण आली, तर ट्रॅमने वीस मिनिटांवर एल्क आहे, हे तुला ठाऊक असावं.

आता दूध. हे लिहायला मला जड जातंय. दुकान जवळच आहे, पण चढावर, आणि माझा गुडघा आता चढ घेत नाही. टेकडीवरच्या चर्चपाशी मी तुला म्हटलं ना, थांब, इथून बंदर नीट दिसतं? तीन वेळा म्हटलं. बंदर कसलं, मला पुढची पायरी चढवत नव्हती. दुकानात मी आठवड्यातून एकदा जाते. दूध चार दिवसांत संपतं, उरलेले दिवस कॉफी काळी. तू विचारलंस तेव्हा दुकान दाखवायला नेलं असतं, तर तुला सगळं कळलं असतं. आणि तुला वाटलं असतं की हिला मैत्रीण नकोय, हाताखाली बाई हवीय, म्हणून बोलावणं आलंय. तसं नाही गं. सिग्ने, तसं मुळीच नाही. मला काळ्या कॉफीचं काही वाटत नाही. मला ती एकटीने प्यावी लागते याचं वाटतं.

आणि शेवटची सकाळ. मी पाचला उठले. निळे कप काढले, हो, निळेच, कान तुटलेला माझ्या जागेवर आणि धड तुझ्या जागेवर. तुझं चीज कापून ठेवलं. बोलायचं पाठ केलं होतं. तुला हाक मारायला आले, तू न्हाणीघरात होतीस, खोलीचं दार उघडं. पलंग मोकळा. चादरी काढून, घड्या करून, पिशवीत. उघडी गादी. इस्पितळात रूने गेल्यानंतर मी त्याचे कपडे आणायला परत गेले, तेव्हा त्याचा पलंग असाच होता. मी दारातच उभी राहिले. ज्याला राहायचंय तो पलंग मोकळा कशाला करेल? मी परत फिरले, निळे कप कपाटात ठेवले, सोनेरी काढले आणि सात नंबरच्या ट्रॅमबद्दल बोलायला लागले, कारण दुसरं काहीही बोलले असते तर रडू आलं असतं.

आणि आता तुझं पत्र वाचताना लक्षात येतंय की तू दुसरं काय करणार होतीस? निघायच्या सकाळी चादरी काढायच्या, हे तुझ्या आईने तुला शिकवलं आणि माझ्या आईने मला. मीही कुठे गेले की डोळे उघडायच्या आधी चादर ओढते. तू उद्या राहायला येणार असतीस तरी आज पलंग मोकळा केलाच असतास. एवढं मला कळू नये!

आणखी एक ऐक. त्या खोलीसाठी मी नव्या चादरी घेतल्या होत्या. फिक्या हिरव्या. तू लिहिलंस की तुझ्या तू आणणार, तेव्हा मला वाटलं की तू पाहुणी म्हणूनच यायचं ठरवलंयस. म्हणून त्या कपाटात खालच्या फळीवर ठेवून दिल्या. अभ्रा सापडला तेव्हा वाटलं, पावसाच्या दिवशी तू माझ्या कपड्यांच्या घड्या घातल्यास, त्यात चुकून गेला असेल. इस्त्री करताना मी अर्धा तास लावला. परत पाठवायचा नव्हता मला, पण दुसऱ्याची वस्तू कशी ठेवायची?

आता तोंडावर विचारते, पत्राचं तोंड समज. राहायला येशील का? स्टोरुमानची सही एक तारखेला आहे, अजून झालेली नाही. मी चढ चढू शकत नाही, रात्री घोरते, रेडिओ मोठा लावते, आणि तू एकदा मोडलेला कप मी अजून जपून ठेवलाय. एवढं सगळं माहीत असून येणार असशील तर ये. फोन कर. खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू दे.

हिल्डुर

*

ग्रानसेले, २२ जुलै
(पार्सलात घातलेली चिठ्ठी)

हिल्डुर,

फोन केला, पण तुला नाही. स्टोरुमानच्या बाईला केला, आणि या खेपेला मीच हळू आणि मोठ्याने बोलले. तिने तीनदा विचारलं, नक्की ना? म्हणाली, पिवळी खोली रांगेतल्या पुढच्या माणसाला जाईल. मी म्हटलं, त्याला गाड्या बघायची आवड असू दे.

पार्सलात सहा चादरी आहेत, चार अभ्रे, आणि तो पाचवा, इस्त्रीचा. त्याची घडी मी मोडलेली नाही. कोपऱ्यात माझी अक्षरं आहेत, म्हणून दुसऱ्याची वस्तू म्हणत बसू नकोस. हे सगळं तिसऱ्या फळीवर ठेव. यातलं एक जरी परत आलं, तर मी पुढच्या गाडीने येऊन तुझ्यासमोर टाकीन. तुझ्या हिरव्या चादरी माझ्या पलंगावर घाल. त्या मी काढणार नाही, फक्त धुवायला काढीन.

घर शेजारच्या मुलीला उन्हाळ्यापुरतं वापरायला देतेय. दलदलीतल्या पिवळ्या बेरी पिकायला आल्या आहेत, त्या तोडून, मुरंबा करून मग निघते. सोळा ऑगस्ट, सकाळी नऊ बारा. ऊल्फला सांग, डोळा मिचकावायचा तर माझ्या समोर येऊन मिचकाव. धड कप तुझ्या जागेवर ठेव, कान मी तोडला होता. बशी मात्र मोठी हवी.

तुझं पत्र फार वाईट नव्हतं.

दूध मी आणीन. दुकान कुठे आहे तेवढं आता सांग.

सिग्ने